आखूड नळीचा सौदा

खालापूर तालुक्यातल्या चावणी गावातून अंबा नदीच्या पात्राकडे उतरलं, की उंबरखिंडीचं स्मारक लागतं. तिथे उभं राहून एक साधी गोष्ट करून पाहावी. समोरच्या झाडीत नजर किती लांब जाते ते मोजावं. फेब्रुवारीत पानं झडलेली असतात, तेव्हा जेमतेम ५०-६० पावलं. श्रावणात गेलात तर १५ पावलांवर उभा माणूस दिसणार नाही. शाहिस्तेखानाने पुण्याहून पाठवलेला मोगल सरदार कारतलबखान रायबागन या सरदार स्त्रीसह कुरवंड्याच्या घाटाने इथेच उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या माणसांनी त्याला दोन्ही अंगांनी कोंडला. खानाची फौज मोठी होती, पण या वाटेवर ती एकामागोमाग एक अशीच चालू शकत होती. लांब पल्ल्याचं हत्यार इथे निरुपयोगी, कारण पल्ला संपायच्या आधीच नजर संपते.

कार्बाइन या विषयावर बोलायचं तर सुरुवात अशा जागेपासून करावी, असं मला वाटतं. बंदुकांच्या चर्चेत लोक आधी नावं काढतात, मग गोळीचे आकडे, मग किंमत. समोर किती अंतरापर्यंत दिसतं, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. खरं तर कार्बाइन म्हणजे एक सौदा आहे. नळीची काही बोटं द्यायची आणि त्या बदल्यात वळायला, धावायला, दारातून शिरायला मोकळीक घ्यायची. दिलेल्या बोटांची किंमत वेगात, आवाजात, झगझगाटात आणि नेमात चुकवावी लागते. ती किंमत कुणाला परवडते आणि कुणाला नाही, एवढाच या सगळ्या प्रकारांमधला फरक.

हा शब्द आपल्याकडे नवा नाही. जुन्या मराठीत 'कडाबीन' होती, कुठे 'कराबीन'. घोडेस्वाराची आखूड बंदूक, असा तिचा मूळ अर्थ. पायदळाची लांब बंदूक घोड्यावर बसून भरताही येत नाही आणि रोखताही येत नाही, म्हणून युरोपातल्या स्वारांनी सोळाव्या-सतराव्या शतकात ती छाटून घेतली. आपल्याकडे सतराव्या शतकातल्या मराठी स्वाराची भिस्त भाल्यावर आणि तलवारीवर होती. खालापुरातल्याच चौक गावचे म्हणून ओळखले जाणारे सरनोबत नेताजी पालकर ज्या घोडदळाचं नेतृत्व करत होते, त्याचं बळ वेगात होतं, बंदुकीत नव्हतं. कडाबीन आपल्या वाक्यांत रुळली ती पुढे, पेशवाईत आणि कंपनीच्या काळात.

कर्जतच्या बाजूला पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड आहे. संभाजी महाराजांच्या काळात तिथे शस्त्रसाठा असे आणि मोगलांनी हा किल्ला १६८४ मध्ये घेतला. त्याच्या सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना चढताना मला नेहमी जेजाल या लांब नळीच्या जुन्या बंदुकीची आठवण होते. माथ्यावर पोहोचलात की खालचं सगळं खोरं उघडं, तिथे जेजालच हवी. पण त्या जिन्यात वळणावर गाठ पडली तर पुरुषभर लांबीची नळी फिरवणार कशी? एकाच किल्ल्यात, शंभर पायऱ्यांच्या आत, दोन वेगळ्या हत्यारांची गरज.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हा भेदच संपतोय असं वाटलं होतं. ब्रिटिशांनी घोडदळाची कार्बाइन आणि पायदळाची रायफल असे दोन साठे ठेवण्याऐवजी मधल्या लांबीची एकच रायफल काढली. तीच आपली थ्री नॉट थ्री. तिच्या इंग्रजी नावात 'शॉर्ट' हा शब्द उगाच नाही. नळी ६४० मिलिमीटरची, वजन चार किलोच्या घरात. जर्मनांनीही तेच केलं आणि त्यांच्या पायदळाच्या रायफलीच्या नावातच 'काराबिनर' आलं. म्हणजे कार्बाइन मेली नाही, तिने रायफललाच आपल्याएवढं करून घेतलं.

आता थोडं नळीच्या आत डोकावू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काडतुसातली दारू पेटली की वायू गोळीला ढकलतो. गोळी नळीत आहे तोवरच हे ढकलणं चालतं. दारू थोडी असेल तर ती पटकन जळून संपते आणि लांब नळीचा उपयोग राहत नाही. आम्ही कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू डिलक्स रायफल चालवायचो, पालथं पडून, २५ यार्डांवर. तिच्या काडतुसाचं काम साधारण ४० सेंटीमीटर नळीत पुरं होतं. त्यापुढची नळी गोळीला वेग देत नाही, फक्त वजन देते आणि मागची खाच व पुढची माशी यांत अंतर देते. ते अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक लवकर कळते. आमच्या उस्तादांच्या भाषेत सांगायचं तर माशी जवळ आली की ती खोटं बोलायला लागते.

नऊ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसाचंही असंच. पिस्तुलातून गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जाते, तर वीस सेंटीमीटर नळीच्या कार्बाइनमधून चारशेला टेकते. त्यापुढे कितीही नळी लावा, हाती फारसं लागत नाही. रायफलच्या काडतुसात मात्र दारू भरपूर असते आणि तिला जळायला जागा लागते. ५.५६ मिलिमीटरची गोळी ५०८ मिलिमीटरच्या पूर्ण नळीतून सेकंदाला सव्वानऊशे मीटरपेक्षा जास्त वेगाने निघते. अमेरिकन एम-४ कार्बाइनची नळी ३६८ मिलिमीटरची, तिथे हा वेग नऊशेच्या आत येतो. नळी २६० मिलिमीटरवर आणली तर आठशेच्या आसपास. ही हलकी, जेमतेम चार ग्रॅमची गोळी वेगाच्या जिवावरच काम करते, त्यामुळे वेग पडला की तिचा दमच जातो. शिवाय न जळालेली दारू नळीच्या तोंडाशी येऊन पेटते. अंधारात डोळे दिपतात आणि बंद खोलीत कानठळ्या बसतात.

एवढ्यावरून एक ढोबळ नियम निघतो. पिस्तुली काडतूस असेल तर नळी बिनधास्त आखूड करा. रायफलचं काडतूस असेल तर दर बोटाचा हिशेब ठेवा. हा हिशेब न ठेवल्याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे १९४४ ची 'जंगल कार्बाइन'.

हे नाव अधिकृत नव्हतं. कागदावर ती रायफल नंबर ५. बर्मा-मलायाच्या रानांसाठी थ्री नॉट थ्रीची नळी ४७८ मिलिमीटरवर आणली, लाकूड कातरलं, लोखंडात पोकळ्या काढल्या. वजन ३.२ किलोवर आलं आणि लांबी जेमतेम मीटरभर राहिली. झगझगाट लपवायला तोंडावर नरसाळं बसवलं. दिसायला ती आजही सर्वांत देखणी ली-एनफिल्ड आहे, याबद्दल माझं कुणाशीही भांडण नाही. पण काडतूस तेच राहिलं, थोराड, ११ ग्रॅमच्या गोळीचं. बंदूक हलकी झाली की तिचा सगळा धक्का खांद्याला. त्यावर उपाय म्हणून दस्त्याला रबराची गादी लावली. ती दस्त्यापेक्षा अरुंद होती, आणि रबर जुनं होऊन टणक झालं की ती गादी न राहता खुंटी व्हायची. मग तक्रार आली की हिचा नेम आज जुळवला तर उद्या सरकतो. १९४७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

नेम सरकण्याची ती तक्रार कितपत खरी, यावर जाणकारांत आजही दोन तट आहेत. पोकळ केलेलं लोखंड गोळीच्या दणक्याने वाकत असेल, हे पटण्यासारखं आहे. पण सैन्याला तेव्हा स्वयंचलित रायफल हवी होती आणि जुन्या ढंगाच्या बंदुकीत पैसा घालायचा नव्हता, म्हणून दोष मोठा करून सांगितला, असंही म्हटलं जातं. मला दुसरं जास्त संभाव्य वाटतं. उंबरखिंडीतल्या ५० पावलांवर नेम दोन बोटं सरकला म्हणून काय बिघडतं? चुकलं होतं ते काडतूस. रानातल्या अंतराला मैलभराच्या पल्ल्याची दारू कशाला हवी?

हा प्रश्न त्याच युद्धात अमेरिकनांनी दुसऱ्या बाजूने सोडवला होता. आघाडीवर गोळी चालवणं ज्यांचं मुख्य काम नाही, असे तोफची, ड्रायव्हर, तारवाले यांच्यासाठी त्यांनी एम-१ कार्बाइन केली. वजन अडीच किलोच्या आत, काडतूस मुद्दाम तिच्यासाठीच केलेलं, रायफल आणि पिस्तूल यांच्या मधलं. अशा ६० लाखांहून अधिक बनल्या. जर्मन आणि रशियनही आपापल्या वाटेने मधल्या ताकदीच्या काडतुसाकडे वळले. त्यातून एके-४७ निघाली, ४१५ मिलिमीटर नळीची. तिला कुणी कार्बाइन म्हणत नाही. पण मापाने, काडतुसाने आणि वापराने विसाव्या शतकातली सर्वांत यशस्वी कार्बाइन तीच आहे, असं माझं मत आहे. गडचिरोलीच्या रानात १९९० पासून नक्षलविरोधी सी-६० पथकाच्या जवानांना तिच्यासारखी हत्यारं का लागतात, हे उंबरखिंडीत १५ पावलांवर नजर अडलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे मात्र 'कार्बाइन' म्हटलं की डोळ्यासमोर वेगळीच वस्तू येते. बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्याला तिरकी लटकलेली, काळी, भोकाभोकांच्या नळीची, डाव्या कुशीतून वाकडं मॅगझिन बाहेर आलेली. गणपतीच्या मिरवणुकीत, मंत्र्यांच्या ताफ्यात, बँकेच्या दाराशी आपण ती पाहिली आहे. तिचं मूळ नाव स्टर्लिंग. जॉर्ज पॅचेट यांनी ती घडवली, ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये स्वीकारली आणि पुढे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती 'कार्बाइन नाइन मिलिमीटर' या सरकारी नावाने बनू लागली. शास्त्राने पाहिलं तर ती कार्बाइन नव्हेच. ती पिस्तुली काडतूस धडाधड सोडणारी सब-मशीनगन आहे. सरकारी वहीत एकदा नाव पडलं, ते पडलं. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रात 'कार्बाइन जप्त' असं वाचलं तर ती घोडेस्वाराची बंदूक आहे, एम-४ च्या जातीची आहे की स्टर्लिंग, हे बातमीवरून कळणं कठीण.

स्टर्लिंगचे गुण कमी लेखू नयेत. दस्ता उघडून ६८६ मिलिमीटर, घडी करून ४८१. वजन २.७ किलो. मॅगझिनमध्ये ३४ गोळ्या. चिखल, वाळू, पाऊस यांना ती दाद देत नाही. तिच्या आधीच्या स्टेन या सब-मशीनगनच्या मानाने तर ती सोनं. पण तिची रचना उघड्या बोल्टची आहे. म्हणजे चाप ओढला की आधी आतला जड लोखंडी ठोकळा पुढे धावतो, काडतूस उचलतो आणि मग गोळी सुटते. त्या धावण्याने हात हलतो, म्हणून पहिली गोळी नेमावर बसवणं कठीण. या जातीच्या हत्याराला खटक्याची शिस्त पाळली नाही तर अपघातही होतात. स्टेन हातातून पडली की सुटायची, ही बदनामी खरी होती. स्टर्लिंगमध्ये खटका सुधारला, पण ती चालवणाऱ्या हाताच्या सवयीवर अवलंबून राहिलीच.

मग ही कार्बाइन कशासाठी चांगली? २५ ते ५० मीटरवर, मोकळ्या जागेत, आजूबाजूला निरपराध माणसं नसताना. हे वाक्य नीट वाचलं तर लक्षात येईल, की मिरवणूक, रेल्वे स्टेशन आणि बाजार या तिन्ही ठिकाणी तिसरी अट पाळता येत नाही. कर्जतहून सकाळची सीएसएमटी लोकल पकडणाऱ्याला गर्दी म्हणजे काय हे सांगायला नको. तिथे धडाधड सुटणारं हत्यार हे दाखवायचं हत्यार आहे, चालवायचं नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, हे सगळे प्रश्न एकदम अंगावर आले. सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, हल्लेखोरांच्या हातात एके जातीच्या रायफली होत्या आणि समोर थ्री नॉट थ्री, पिस्तुलं, लाठ्या. गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. हत्यारांच्या तुलनेचा कुठलाही तक्ता त्यापुढे थिटा आहे. त्यानंतर वर्तमानपत्रांत बराच काळ एकच सूर होता, पोलिसांना आधुनिक हत्यारं द्या. सूर बरोबर होता, पण अर्धा. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावाच्या आणि दारूगोळ्याच्या तुटवड्यावरही बोट ठेवलं होतं. वर्षाला मोजक्या गोळ्या झाडणाऱ्या माणसाच्या हातात थ्री नॉट थ्री द्या किंवा जगातली सर्वांत महाग कार्बाइन द्या, निकालात फार फरक पडत नाही. उलट हत्यार जितकं आखूड आणि जलद, तितका सराव जास्त लागतो. लांब रायफल चुका पोटात घालते, आखूड घालत नाही.

ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या एनएसजीच्या कमांडोंकडे एमपी-५ होती. तीही नऊ मिलिमीटरचीच, पण बंद बोल्टची. चाप ओढल्यावर आतलं जड काही पुढे धावत नाही, त्यामुळे पहिली गोळी जिथे बघाल तिथे. ओलिसांच्या खोलीत या एका फरकासाठी जगभरच्या पथकांनी तीस-चाळीस वर्षं एमपी-५ सोडली नाही. तिची अडचण वेगळीच निघाली. समोरचा जर अंगात चिलखती जाकीट घालून आला, तर पिस्तुली गोळी अडते. म्हणून गेल्या पंचवीसेक वर्षांत बरीच पथकं आखूड नळीच्या ५.५६ कडे वळली. कानठळ्या बसतात, आग ओकते, पण जाकीट भेदते आणि गरज पडली तर लॉबीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेम धरते. नेमाचा जुना प्रश्न लाल ठिपक्याच्या काचेने जवळजवळ सोडवला. माशी आणि खाच जुळवायचीच नाही, ठिपका जिथे, गोळी तिथे. मागच्या पन्नास वर्षांत आखूड बंदुकीला सर्वांत मोठी मदत लोखंडाने नाही, या काचेने केली.

इथून पुढची गोष्ट बोरघाट चढून पुण्यात जाते. पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेने इन्सास रायफल घडवली होती. तिथेच नव्या कार्बाइनचे प्रयोगही चालले. एक वाट होती नव्या काडतुसाची. जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइनसाठी ५.५६ चंच, पण ३० मिलिमीटर लांबीच्या पुंगळीचं छोटं काडतूस बेतलं गेलं. वजन तीन किलोच्या आसपास, पल्ला शंभर मीटरहून थोडा जास्त. डिसेंबर २०२० मध्ये सैन्याच्या अंतिम चाचण्यांतून ती पार पडली. बनवणार कानपूर, काडतूस करणार खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. कल्पना म्हणून हे मला एम-१ च्या जवळचं वाटतं, आणि आवडतंही. पण साठ्याच्या दृष्टीने पाहिलं तर प्रत्येक वेगळं काडतूस म्हणजे युद्धात आणखी एक पेटी, जी नेमकी हवी त्या डोंगरावर पोहोचलेली नसते.

सैन्याच्या मुख्य खरेदीची कथा तर रेंगाळलेल्या लग्नासारखी झाली. २०१०-११ च्या सुमारास ४४ हजारांहून अधिक कार्बाइनसाठी निविदा निघाल्या, परदेशी कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, २०१६ मध्ये सगळं रद्द. मग २०१८ मध्ये घाईच्या खरेदीत ९३,८९५ कार्बाइनसाठी संयुक्त अरब अमिरातीची काराकल कंपनी पुढे आली. २०२० मध्ये तेही बारगळलं. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनचा २,७७० कोटी रुपयांचा करार दोन देशी उत्पादकांशी झाला. मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे, एआरडीईच्या आराखड्यावर. उरलेला पीएलआर सिस्टिम्सकडे. काडतूस ५.५६ चं नेहमीचंच, रायफलवाल्यांशी सामाईक. म्हणजे पंधरा वर्षांच्या फेऱ्यांनंतर निवड झाली ती साठा एकच ठेवण्याच्या बाजूने. मला ती शहाणपणाची वाटते. झगझगाट सोसता येतो, रिकामं मॅगझिन सोसता येत नाही.

याच्या शेजारी अस्मी नावाची एक छोटी गोष्ट आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीई यांनी मिळून ही नऊ मिलिमीटरची मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत उभी केली. जानेवारी २०२१ मध्ये ती लोकांसमोर आली, आणि पुढे हैदराबादच्या लोकेश मशीन्सकडून सैन्याने काहीशे नग घेतले. वजन दोन किलोच्या आत. रणगाड्याच्या पोटात, गाडीच्या सीटवर, संरक्षण पथकात तिची जागा आहे. स्टर्लिंगची खरी वारस हीच म्हणावी लागेल, सव्वाचार लाखांची ती दुसरी नव्हे. बुलपप प्रकाराबद्दल फार लिहीत नाही. इस्रायली एक्स-९५ मध्ये मॅगझिन चापाच्या मागे जातं, त्यामुळे ३३० मिलिमीटरची नळी ठेवूनही बंदूक हातभर लांबीची होते. सीआरपीएफला ती आवडली. फक्त डावखुऱ्या माणसाला विचारावं, पुंगळ्या कुठे उडतात.

खेळाच्या मैदानात कार्बाइनला जागाच नाही. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत १० मीटरची हवेची रायफल आणि ५० मीटरची पॉइंट टू टू. खालापूरहून द्रुतगती मार्गाने तासाभराच्या आत पनवेलला पोहोचता येतं. तिथे सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताईंनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० केले होते आणि त्याच वर्षी अथेन्सला अंतिम फेरी गाठली होती. या खेळातल्या रायफली पाहिल्या की लांबलचक दिसतात. गंमत अशी, की त्यातल्या कित्येकींची खरी नळी आखूड असते. पुढचा भाग नुसती पोकळ नळकांडी, गोळीला न शिवणारी. आखूड नळीतून गोळी लवकर बाहेर पडते, म्हणजे चाप ओढल्यानंतर शरीर हलायला वेळच कमी मिळतो. आणि माशी मात्र नळकांडीच्या टोकाला, दूर. सौद्यातली दोन्ही पारडी आपल्याच पदरात पाडून घेतलेली आहेत! २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकणारे कोल्हापूरच्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेचे नोकर, म्हणजे आमच्या कर्जत-खोपोली लाइनवाल्यांना ते घरचेच. या जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाला बंदुकीची ओढ असेल, तर कार्बाइनचे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा पनवेलच्या रेंजवर पालथं पडलेलं बरं.

राहिला इथला साधा माणूस, ज्याचं शेत रानाला लागून आहे. फार्महाउसवाले मला कधी कधी विचारतात, रानडुकरासाठी एखादी छोटी कार्बाइन मिळेल का. उत्तर कायद्यातच आहे, आणि ते मोजपट्टीचं उत्तर आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या वर्गवारीत स्वयंचलित हत्यार तर सामान्य माणसाला बंदच, साधी अर्धस्वयंचलित रायफलही निषिद्ध वर्गात. थ्री नॉट थ्री, ७.६२ आणि नऊ मिलिमीटर ही सैन्या-पोलिसांची काडतुसं ज्यात बसतात ती हत्यारं निषिद्ध. गुळगुळीत नळीची बंदूक २० इंचांपेक्षा आखूड असेल तर तीही निषिद्ध. आहे त्या बंदुकीची नळी परवान्याविना कापणं हा स्वतंत्र गुन्हा. अमेरिकेत रायफलच्या नळीसाठी हीच रेषा १६ इंचांवर आहे. म्हणजे कार्बाइन कुठे सुरू होते हे सैन्याने नाही, तर लपवता येईल का या पोलिसी शंकेने ठरवलं आहे.

त्याच कायद्याने शेतकऱ्यासाठी काय सुचवलं आहे? पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. शब्द कायद्यातलेच आहेत. दारू भरा, ठासा, टोपी लावा, मग उडवा. भाताच्या दिवसांत हवेत ओल असताना ती उडेलच असं नाही. त्याहून बरी बाराबोरची, पूर्ण नळीची, परवाना जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या अलिबागहून आणावा लागणारी. माळ्यावरून रात्री खाचरात २०-३० पावलांवर जे करायचं, त्याला तिच्याहून आखूड किंवा जलद काही लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारं ठेवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावं. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुकराचा परवाना नव्हे. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे. हवेच्या बंदुकीला, २० ज्यूलच्या आत आणि ४.५ मिलिमीटरची असेल तर, परवाना लागत नाही. पण तिने पाखरं पाडायची परवानगी त्यातून मिळत नाही, हे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कार्बाइन आणि कार्बाइड यांत मात्र गल्लत करू नये. माकडं हाकायला प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइडचा खडा आणि पाणी घालून बार काढतात, ती 'कार्बाइड गन'. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ती मुलांच्या हातात खेळणं म्हणून गेली आणि कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. तिच्यातून गोळी सुटत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे सहसा कुणी हत्यार म्हणून पाहत नाही.

इकडे कर्जत-खालापुरात भात पिकतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. डुकरं उतरतात तीही तेव्हाच. आणि विधानसभेची निवडणूक, २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वेळा याच दोन महिन्यांत आली. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, परवान्याची हत्यारं आणून जमा करा. मग ठासणीच्या आणि बाराबोरच्या बंदुका ठाण्याच्या कपाटात चिठ्ठी लावून ओळीने उभ्या राहतात, आणि शेतात माळ्यावर बसलेला गडी रात्रभर पत्र्याचा डबा बडवतो.